वाट अडवली, माल वळला

उज्जैनहून मुंबईला यायचं तर वाट दक्षिणेची. नर्मदा ओलांडायची, सातपुडा मागे टाकायचा, खानदेश तुडवायचा आणि घाट उतरून कोकणात यायचं. पण १८२०च्या दशकात उज्जैनच्या पेढीवरून निघालेली अफूची पेटी अनेकदा दक्षिणेला न येता वायव्येकडे तोंड करायची. मारवाडातल्या पालीच्या बाजारात ती उंटावर चढे. जैसलमेरवरून थरचं वाळवंट पार करून सिंधमधल्या कराचीला पोचे. तिथे गलबतात बसून ती पुन्हा दक्षिणेला येई आणि मुंबईपासून फार लांब नसलेल्या दमणच्या बंदरात उतरे. दमण पोर्तुगीजांचं. तिथून पुढे चीनचा किनारा.

वाळवंट आणि समुद्र असा दुहेरी वळसा घालून पेटी शेवटी मुंबईच्या शेजारीच यायची, कारण सरळ वाट ईस्ट इंडिया कंपनीने अडवली होती. अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराचा आणि तो रोखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास या एका वळशात बराचसा सामावलेला आहे. वाट अडवली की माल थांबत नाही, वळतो. गेली दोनशे वर्षं हेच घडत आलं आहे. माल खरोखर थांबला असे प्रसंग फार थोडे, आणि तेव्हा वाट अडवण्याच्या जोडीला आणखी काहीतरी केलेलं होतं. ते काय, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

बोंड, चीक आणि बट्टी

अनारशाला लावायची खसखस आपल्या घरात कुणाला परकी नाही. ती ज्या झाडाचं बी, त्याच झाडाच्या कच्च्या बोंडातून अफू निघते. नशा असते ती बोंडाच्या सालीतल्या पांढऱ्या चिकात; पिकलेल्या दाण्यात ती जवळजवळ उरत नाही.

पेरणी दिवाळीच्या आसपास होते. पाकळ्या गळून बोंडं भरली की फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतकरी दुपारनंतर बारीक पात्यांचं हत्यार घेऊन शेतात उतरतो आणि एकेका बोंडाला उभा चिरा देतो. चिरा खोल गेला तर चीक आत झिरपतो, वरवर गेला तर बाहेर येतच नाही. हात बसायला वर्षं लागतात. रात्रभर चीक पाझरतो, हवा लागून तपकिरी आणि घट्ट होतो, आणि सकाळी ऊन चढायच्या आत तो खरवडून घ्यावा लागतो. काही दिवसांनी त्याच बोंडाला पुन्हा चिरा. मध्येच रात्री पाऊस आला तर हातातोंडाशी आलेलं पीक धुऊन जातं.

माळव्यात हा चीक जवसाच्या तेलात बुडवून ठेवत, म्हणजे तो सुकत नसे. मग तो मळून त्याच्या बट्ट्या वळायच्या आणि झाडाच्याच वाळलेल्या पाल्याच्या चुऱ्यात घोळवायच्या. अशा बट्ट्यांनी भरलेल्या पेटीचं वजन सुमारे ६३ किलो भरे.

चोरट्या व्यापाराचं अर्थशास्त्र या पेटीतच आहे. धान्याची गाडी दूरवर नेली तर भाडंच धान्याच्या किमतीला भिडतं. अफूचं तसं नाही. थोड्या वजनात एवढा पैसा मावतो की पेटी वाळवंटातून फिरवून, ठिकठिकाणी जकात भरून, पहारेकऱ्यांचे हात ओले करूनही व्यापाऱ्याला फायदा उरतो. वळसा परवडतो, म्हणून तो घातला जातो.

कंपनीची नाकेबंदी

बंगाल-बिहारच्या अफूवर कंपनीने १७७३मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात मक्ता बसवला. शतक संपेपर्यंत शेतीपासून विक्रीपर्यंतचा सगळा कारभार तिने स्वतःच्या हातात घेतला. शेतकऱ्याने कंपनी सांगेल त्या भावाने चीक द्यायचा, पाटणा आणि गाझीपूरकडच्या वखारींत त्याचे गोळे बांधायचे आणि कलकत्त्याला लिलाव करायचा. लिलावात माल घेणारे खासगी व्यापारी तो जहाजाने चीनला नेत.

चीनमध्ये अफूला बंदी होती. ओढण्यासाठी अफू विकायला छिंग बादशाही दरबाराने १७२९मध्येच मनाई केली होती आणि पुढे आयातही बंद केली. म्हणून कंपनी आपल्या जहाजांवर अफू चढवत नसे. लिलावाचा हातोडा पडला की माल खासगी माणसाचा, आणि पुढे जे होईल त्याच्याशी आपला संबंध नाही, असा तिचा पवित्रा होता. कँटनजवळच्या लिंतिन बेटापाशी जहाजं नांगर टाकून उभी राहत, आणि अनेक वल्ह्यांच्या वेगवान होड्या रात्रीच्या अंधारात माल किनाऱ्याला नेत.

माळवा मात्र कंपनीच्या मक्त्याबाहेर होता. ही जमीन शिंदे, होळकर आणि इतर लहानमोठ्या संस्थानांची. इथली अफू पश्चिम किनाऱ्यावरून चीनला जाऊन बंगालच्या अफूचा भाव पाडत होती. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कंपनीने मुंबईतून माळव्याची अफू बाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. पश्चिम भारतात अफूविरुद्ध झालेली ही पहिली मोठी कारवाई. चिनी माणसाच्या आरोग्याशी तिचा काही संबंध नव्हता. बंगालच्या पेटीचा भाव टिकवणं हा तिचा हेतू होता.

१८१८ला पेशवाई बुडाली आणि मध्य भारतात कंपनीचा शब्द चालू लागला. तिने आधी माळव्याची अफू स्वतःच विकत घेऊन पाहिली. हमखास गिऱ्हाईक मिळाल्यावर लागवड उलट वाढली. मग उदयपूर, कोटा, बुंदी अशा संस्थानांशी करार करून लागवड आणि वाहतूक बांधायचा प्रयत्न झाला. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराने असा करार केला नाही. खबऱ्यांना बक्षिसं लावली गेली, नाक्यांवर पहारे बसले. परिणाम असा की राजपुतान्यातून अफूचे तांडे हत्यारबंद रखवालीत जाऊ लागले. गावोगावी खबऱ्या आणि व्यापारी यांच्यात वैर पेटलं. पाली-कराची-दमण हा वळसा याच नाकेबंदीतून जन्मला. कंपनीकडे पैसा होता, फौज होती, संस्थानिकांवर धाक होता. तरी माळव्याची अफू चीनला जातच राहिली.

पासाची युक्ती

१८३०-३१च्या सुमारास कंपनीने हार मानली, पण फार हुशारीने. तिने नाकेबंदी उठवली आणि पास काढला. ज्या व्यापाऱ्याला सरळ वाटेने मुंबईला माल आणायचा असेल त्याने पेटीमागे १७५ रुपये भरावेत आणि उजळ माथ्याने यावं. हा आकडा कराचीच्या वळशाचा खर्च डोळ्यांपुढे ठेवून काढलेला होता. सरळ वाट वळशापेक्षा महाग पडली तर माल दमणला जाणार, स्वस्त पडली तर मुंबईला येणार, हे सरकारला कळून चुकलं होतं. तरीही पुरेसा माल मुंबईकडे वळेना, तेव्हा १८३५मध्ये पासाचा दर १२५ रुपयांवर आणला.

मग १८४३मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षी पास २०० रुपये झाला, १८४५मध्ये ३००, १८४७मध्ये ४००. पळवाट मिटली तशी सरकारने जकात चढवत नेली.

चार-पाच ओळींत बसणारी ही दरवाढ अनेक जाड्या अहवालांपेक्षा जास्त सांगते. पहारा, खबरे आणि करार यांना जे साधलं नाही ते किमतीच्या हिशेबाने साधलं. चोरटा व्यापारी धाडसासाठी वाळवंट ओलांडत नाही, तो हिशेब करतो. त्याचा हिशेब ज्याला समजला त्यालाच त्याची वाट बदलता येते. कंपनीने ही अक्कल महसूल भरण्यासाठी वापरली. हीच अक्कल माणसं वाचवण्यासाठी वापरता येते का, हा प्रश्न पुढच्या काळाने विचारला.

मुंबईची पेटी

पासामुळे मुंबई माळव्याच्या अफूची राजधानी झाली. १८००च्या सुमारास भारतातून चीनला वर्षाला सुमारे ४,००० पेट्या जात. १८३०चं दशक संपता संपता हा आकडा ४०,०००च्या घरात पोचला. त्यात माळव्याचा वाटा बंगालच्या तोडीस तोड होता. मुंबईत पारशी, जैन, मारवाडी, गोवेकर अशा सगळ्या समाजांतले व्यापारी या धंद्यात होते. मूळचे गोव्याचे रोजेरियो द फारिया त्यांतले एक बडे व्यापारी. मोतीचंद अमीचंद दुसरे. आणि सर्वांत मोठं नाव जमशेटजी जीजीभॉय यांचं. त्यांचा कँटनच्या जार्डिन मॅथेसन कंपनीशी दीर्घकाळ व्यवहार होता.

आपल्याला जे. जे. माहीत आहेत ते रुग्णालयामुळे आणि कलाशाळेमुळे. माहीमचा कॉजवे बांधला गेला तो त्यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांच्या पैशातून. लाखो गरीब रुग्णांनी त्या रुग्णालयात उपचार घेतले. हे सगळं खरं, आणि या दानाला पैसा पुरवणाऱ्या झऱ्यांपैकी एक झरा अफूच्या पेटीतून वाहत होता हेही खरं. मुंबईच्या कायद्याने जमशेटजी गुन्हेगार नव्हते. त्यांनी पास भरला, जहाज भाड्याने घेतलं, विमा उतरवला. तोच माल लिंतिनच्या पाण्यात पोचला की चोरटा ठरे. एकच वस्तू एका किनाऱ्यावर महसूल आणि दुसऱ्या किनाऱ्यावर गुन्हा होती. या व्यापाराच्या इतिहासात ही फट वारंवार दिसते, आणि माल नेहमी अशा फटीतूनच निसटतो.

हूमनचे तीन खड्डे

१८३०च्या दशकात चिनी दरबारात मोठा वाद झाला. अफू कायदेशीर करून तिच्यावर कर घ्यावा असं काही अधिकारी म्हणत होते. दुसरे म्हणत होते की ओढणाऱ्यालाच जबर शिक्षा झाली पाहिजे, गिऱ्हाईक संपलं की व्यापार संपेल. ताओक्वांग बादशहाने दुसरी बाजू उचलून लिन त्सशू या नावाजलेल्या प्रामाणिक अधिकाऱ्याला कँटनला पाठवलं. मार्च १८३९मध्ये लिन तिथे पोचले.

लिन यांनी दोन्ही टोकांना हात घातला. शहरात धरपकड झाली आणि अफू ओढायच्या चाळीस हजारांहून जास्त नळ्या जप्त झाल्या. त्याचबरोबर व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी औषधोपचाराची सोय करण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारींना त्यांनी वेढा घातला. सुमारे साडेतीनशे परदेशी माणसं आत अडकली. शेवटी ब्रिटिश अधिकारी चार्ल्स इलियट यांनी व्यापाऱ्यांना माल सोपवायला सांगितलं आणि त्याची भरपाई ब्रिटिश सरकार करील असा शब्द दिला. या शब्दाने चोरटा माल एका रात्रीत ब्रिटिश राणीची मालमत्ता झाला. पुढच्या युद्धाचं निमित्त इथेच तयार झालं.

लिन यांच्या हाती २०,२८३ पेट्या आल्या. एवढी अफू जाळली तर ती वितळून जमिनीत मुरते आणि लोक माती उकरून ती मिळवतात, हा अनुभव होता. म्हणून हूमन गावाजवळ समुद्रकाठी दीडशे फूट लांब आणि पंचाहत्तर फूट रुंद असे तीन खड्डे खणले. खड्ड्यांत पाणी सोडायचं, मीठ टाकायचं, अफूचे गोळे फोडून त्यात भिजवायचे आणि वर चुनकळी टाकायची. चुना उसळला की सगळं रटरटायला लागे. मजूर फळ्यांवर उभे राहून ते ढवळत, आणि भरती-ओहोटी साधून दार उघडून तो रबडा समुद्रात सोडत. शेकडो मजूर, भोवती कुंपण, येता-जाता प्रत्येकाची झडती. ३ जूनला सुरू झालेलं हे काम तीन आठवड्यांहून जास्त चाललं. सुरू करण्याआधी लिन यांनी समुद्रदेवतेची प्रार्थना केली. आपण पाण्यात विष सोडतो आहोत, तेव्हा जलचरांनी काही काळ दूर जावं, अशी विनवणी तिच्यात होती. एवढी मोठी जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात माशांचाही विचार यावा, हे मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत हृद्य वाटतं.

ब्रिटनने आरमार पाठवलं. २९ ऑगस्ट १८४२ला नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली आणि २ कोटी १० लाख डॉलर दंड भरावा लागला; त्यातले ६० लाख नष्ट झालेल्या अफूपोटी. ज्या एचएमएस कॉर्नवॉलिस जहाजावर तहाच्या सह्या झाल्या, ते सागवानी जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं होतं. लिन यांना याआधीच पदावरून काढून दूर पश्चिमेला इलीच्या सीमेवर पाठवण्यात आलं होतं. दुसऱ्या अफूयुद्धाच्या काळात, १८५८मध्ये, अफूवर आयात जकात ठरली आणि ती चीनमध्ये उघड विकली जाऊ लागली. परदेशी अफू थांबवता येत नाही म्हटल्यावर चीनच्या प्रांतांनी स्वतः अफू पेरायला सुरुवात केली, आणि काही दशकांत देशी पीक आयातीच्या पुढे गेलं.

लिन यांची जप्ती निष्फळ ठरली ती त्यांचा कारभार सैल होता म्हणून नव्हे. माल पाठवणारं सरकार त्यात सामील नव्हतं, म्हणून.

दोन्ही टोकं बांधली तेव्हा

याच इतिहासात एक उलट उदाहरणही आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

१९०६मध्ये चीनने दहा वर्षांत अफू संपवण्याचा निर्धार जाहीर केला. ब्रिटनमध्येही या व्यापाराविरुद्ध लोकमत तयार झालं होतं. भारतातही आवाज उठत होते. दादाभाई नौरोजींनी या व्यापारावर कठोर टीका केलेली होती. १९०७च्या अर्थसंकल्पाच्या चर्चेत गोपाळ कृष्ण गोखले यांनी चिनी लोकांच्या अधःपातातून येणाऱ्या या महसुलाची आपल्याला लाज वाटते, अशा अर्थाचं भाषण केलं. देशाच्या तिजोरीत जाणारा पैसा नको म्हणणारा हा पुढारी स्वतः आकडेमोडीत निष्णात होता. किती कोटींवर पाणी सोडावं लागणार याचा अंदाज त्याच्याइतका क्वचितच कुणाला असेल.

त्याच काळात करार झाला. १९०८पासून भारताने चीनला जाणारी अफू दरवर्षी एक दशांशाने कमी करायची, आणि चीनने तितक्याच प्रमाणात आपली लागवड कमी करून दाखवायची. पहिली तीन वर्षं कसोटीची. चीन शब्द पाळतो का हे पाहायला सर अलेक्झांडर होसी हे ब्रिटिश अधिकारी प्रांतोप्रांती हिंडले आणि अनेक ठिकाणी शेतं खरंच रिकामी झाल्याचं त्यांनी पाहिलं. अफूचे अड्डे बंद झाले, ओढणाऱ्यांची नोंद होऊ लागली. १९१३मध्ये भारतातून चीनसाठी होणारी विक्री ठरल्या मुदतीच्या आधीच थांबली.

पिकवणारा आणि ओढणारा, पाठवणारा आणि घेणारा, अशी दोन्ही टोकं एकाच वेळी, एकमेकांच्या डोळ्यांदेखत बांधली गेली, म्हणून हे जमलं. पुढे १९१६नंतर चीनमध्ये केंद्रसत्ता कोसळली. प्रांतोप्रांतीच्या लष्करी सरदारांना सैन्य पोसायला पैसा हवा होता, आणि अफू पुन्हा शेतात आली. एक टोक सुटताच गाठ सैल झाली.

शांघायमध्ये १९०९ला १३ देशांचा अफू आयोग भरला, १९१२ला हेगमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि तिथून १९६१च्या एकल करारापर्यंत नियमांची साखळी तयार होत गेली. आजही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी पट्टा घेतलेले शेतकरी अफू पिकवतात. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्या चिकावर प्रक्रिया होते, त्यापासून औषधं बनतात. मॉर्फिनही याच चिकात असतं. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनेवर त्याच्याइतका भरवशाचा उतारा क्वचित सापडेल.

गर्द

१९७९मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि वर्ष संपता संपता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफगाणी-पाकिस्तानी हेरॉईनच्या पश्चिमेकडच्या जुन्या वाटा विसकटल्या. माल पुन्हा वळला, या खेपेला भारताकडे. मुंबई हे पुढे पाठवायचं बंदर झालं. जिथून माल जातो तिथे तो थोडा सांडतोच. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत तपकिरी, भेसळीचं हेरॉईन पुड्यांतून मिळू लागलं. इंग्रजीत ब्राऊन शुगर. आपल्याकडे नाव पडलं गर्द. पन्नीवर टाकून खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. ओढणाऱ्याला लोक गर्दुल्ला म्हणू लागले. त्या शब्दात त्याच्याबद्दलची किळस होती, आणि तो आजारी आहे ही जाणीव नव्हती.

तोवर देशात १९३०चा धोकादायक औषधांचा कायदा चालू होता. त्यात पहिल्या गुन्ह्याला फार तर तीन वर्षं शिक्षा. १९८५मध्ये गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे एनडीपीएस, आला. व्यापार करणाऱ्याला दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी; पुढे १९८९च्या दुरुस्तीने जामीनही अवघड झाला. १९८६मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभाग म्हणजे एनसीबी स्थापन झाला. २००१च्या दुरुस्तीने अल्प आणि व्यावसायिक प्रमाण असा भेद पक्का केला. हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर व्यावसायिक.

या कायद्याची एक किंमत फार उशिरा लक्षात आली. कागदपत्रांची भीती आणि शिक्षेचा धाक यांमुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. ज्या देशात अफू पिकते त्याच देशात कर्करोगाचे रुग्ण वेदनेने तळमळत गेले. २०१४च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत केले, पण मधल्या तीस वर्षांतल्या त्या वेदनांची भरपाई कुणी करू शकत नाही.

एनसीबी जन्मली त्याच १९८६ साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं. डॉ. अनिल अवचट यांनी ‘गर्द’ लिहून या विषयाकडे महाराष्ट्राचं लक्ष वेधलं होतं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीने केंद्राला आधार दिला. दुकान बंद करणं हे पोलिसांचं काम. गिऱ्हाईक माणसात परत आणणं हे त्याच लढाईचं दुसरं टोक, आणि ते मुक्तांगणने धरलं. कायद्यातही त्याला जागा आहे. व्यसनी माणूस थोड्या मालासह सापडला आणि स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर ६४-अ कलमाखाली त्याला खटल्यातून सूट मिळू शकते.

झडती आणि पंचनामा

कायदा जेवढा कडक तेवढी पोलिसांच्या हाताची शिस्तही कडक हवी. खबर आली की ती आधी लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवायची. संशयिताच्या अंगझडतीआधी त्याला सांगायचं, की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा तुला हक्क आहे. हा ५० कलमाचा हक्क. १९९९मध्ये बलदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो सांगणं बंधनकारक ठरवलं. मग दोन पंचांसमोर पुडी उघडायची, चाचणी संचातल्या रसायनाने रंग बदलतो का पाहायचं, वजन करायचं, पाकिटावर सह्यांची चिठ्ठी लावायची, सील ठोकायचं, मुद्देमाल कक्षात नोंद करायची. दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढून ते प्रयोगशाळेला पाठवायचे. पंचनाम्यातलं वजन आणि प्रयोगशाळेतलं वजन जुळलं नाही, सीलचा ठसा वेगळा निघाला, तर सारा खटला ढासळू शकतो. २०२०च्या तोफान सिंग निकालाने आणखी एक दार बंद केलं. तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही.

या नियमांमुळे गुन्हेगार सुटतात, अशी तक्रार ऐकू येते. मला ती पटत नाही. एका पुडीवर माणसाची दहा वर्षं जाऊ शकतात. ती पुडी कुणाच्या खिशात मुद्दाम ठेवलेली नव्हती, याची खात्री देणारं या सह्या आणि सीलांशिवाय दुसरं काहीच नाही. ज्या खात्याला खरा व्यापारी पकडायचा आहे त्याला ही शिस्त आड येत नाही.

शेताकडून कारखान्याकडे

गेल्या काही दशकांतला वळसा नकाशावरचा नाही. माल शेतातून कारखान्यात सरकला. मुंबई-गुजरात पट्ट्यातल्या रासायनिक उद्योगांच्या आडोशाने बनलेल्या मॅन्ड्रॅक्सच्या गोळ्या दक्षिण आफ्रिकेत जात होत्या. नंतर मेफेड्रोन आलं. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर त्याला एमडी म्हणतात, म्याऊ म्याऊही म्हणतात. फेब्रुवारी २०१५पर्यंत ते एनडीपीएसच्या यादीतच नव्हतं. पोलिसांना ते सापडे, पण या कायद्याखाली गुन्हा नोंदवता येत नसे. मुंबई आणि कँटन यांच्यात पूर्वी होती तशी फट इथे यादी आणि बाजार यांच्यात होती.

अफूच्या शेताला पाऊस लागतो, हंगाम लागतो, ते वरून दिसतं. एमडीला औद्योगिक वसाहतीतली एक शेड पुरते, आणि लागणारी रसायनं रंग आणि औषधांच्या उद्योगातही वापरली जातात. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी पुण्यातल्या एका लहान जप्तीचा धागा धरला. तो दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत गेला, तिथून दिल्ली आणि सांगलीकडे. हाती लागलेला एमडीचा साठा हजार किलोच्या कितीतरी पुढचा होता. सप्टेंबर २०२१मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने दोन कंटेनर उघडले तेव्हा शंखजिऱ्याच्या नावाखाली २,९८८ किलो हेरॉईन निघालं. ते अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलं होतं. उंटाच्या पाठीवरचा माल आता कंटेनरच्या गर्दीत लपतो. हिशेब तोच आहे.

बातमी वाचताना

अमुक कोटींचे अमली पदार्थ जप्त, अशी बातमी दर आठवड्याला येते. टेबलावर पाकिटं, मागे अधिकारी. त्या अधिकाऱ्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. त्यांच्या मागे रात्रीच्या रात्री जागलेले शिपाई आणि जीव मुठीत धरून खबर देणारी माणसं असतात.

पण बातमी वाचून झाली की दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला, या जप्तीनंतर महिनाभराने आपल्या शहरात पुडीचा भाव वाढला का? वाढला नसेल तर माल कुठून तरी वळून आला आहे. दुसरा, आपल्या जिल्ह्यात व्यसन सोडू पाहणाऱ्या मुलाला दाखल व्हायला खाट मिळते का, की त्याच्या आईला दोन जिल्हे ओलांडून जावं लागतं? पहिला प्रश्न पोलिसांना विचारायचा, दुसरा सरकारला आणि स्वतःला. १९०७च्या करारात चीन आणि भारत एकमेकांच्या डोळ्यांदेखत आपापलं टोक बांधत होते. गृहखातं जप्तीचा आकडा छापतं तसा आरोग्यखात्याने त्याच्या शेजारी उपचार मिळालेल्यांचा आकडा छापला, तर हेच काम आपण आपल्या जिल्ह्यापासून सुरू करू शकतो.